प्रेशर, स्वभाव आणि अविनाश साबळे

दिवाळीला गावी गेलो होतो. आमचं गाव आष्टी तालुक्यातलं, म्हणजे बीड जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक. पुण्याहून नगरमार्गे चार-साडेचार तास. घरात फराळ, अंगणात पोरांचे फटाके, आणि ओट्यावर काकांची नेहमीची बैठक. विषय निघाला माझ्या धाकट्या चुलतभावाचा. पोरगा दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर एकटा पळतो, मोबाईलवर टाइम लावतो. १६०० मीटरचा त्याचा सरावातला टाइम खरंच चांगला आहे. पण प्रत्यक्ष भरतीच्या मैदानावर दोन्ही वेळा गडबड झाली. पहिला राउंड झकास, दुसरा बरा, तिसऱ्यात पाय जड, आणि चौथ्यात चक्क चालायला लागला.

काकांनी चारचौघांत निकाल देऊन टाकला. "याच्यात धीरच नाही. सरावात वाघ अन् मैदानात शेळी. स्वभावाला काय औषध?"

भाऊ काही बोलला नाही. चकलीचा तुकडा हातात फिरवत बसला आणि थोड्या वेळाने उठून गेला.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यात अडकलंय. कारण आपण सगळेच असं बोलतो. क्रिकेट बघताना, मुलाखतीचा निकाल लागल्यावर, ऑफिसात कुणाचा डेमो फसल्यावर... "त्याला प्रेशर झेपत नाही." जणू काही प्रेशर झेपणं ही रक्तगटासारखी गोष्ट आहे. एकदा तपासली, कार्डावर छापली, विषय संपला. हे खरं आहे का, हा प्रश्न घेऊन मी गेले तीन-चार वीकेंड वाचत बसलोय. आणि गंमत म्हणजे उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्याच तालुक्यातला एक माणूस सापडला.

अविनाश साबळे. गाव मांडवा, तालुका आष्टी, जिल्हा बीड. जन्म १३ सप्टेंबर १९९४. शेतकरी घर. शाळा सहा किलोमीटर लांब आणि गाडीची सोय नाही, म्हणून चालत-पळत शाळा. बारावीनंतर सैन्यात, ५ महार रेजिमेंट. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा पोस्टिंग झाल्या आणि २०१५ मध्ये, वयाच्या एकविशीच्या आसपास, तो सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत पळू लागला. ३००० मीटर स्टीपलचेस हा त्याचा प्रकार तर त्याहून उशिरा ठरला. सैन्यातले कोच अमरीश कुमार यांनी त्याला तिकडे वळवलं.

ज्यांना स्टीपलचेस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साडेसात राउंडच्या आसपासची शर्यत. वाटेत तीन फुटी लाकडी अडथळे, २८ वेळा ओलांडायचे. हर्डल्ससारखे हे धक्का लागून पडत नाहीत, पडता ते तुम्ही :-) शिवाय सात वेळा पाण्याची उडी. लांब पल्ल्याचा दम, अडथळ्यांचं तंत्र आणि शेवटच्या राउंडला झेप, अशी सगळी खिचडी. ऑलिंपिकमध्ये यावर कित्येक वर्षं केनियाचं राज्य होतं.

भारताचा या प्रकारातला विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद, १९८१ सालचा. तब्बल ३७ वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८:२९.८० धावून तो मोडला. मग त्याला स्वतःचाच विक्रम मोडायची सवयच लागली. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ वर पोचला. म्हणजे सैनींच्या विक्रमापेक्षा जवळपास २१ सेकंद कमी.

वर्तमानपत्रांनी याची गोष्ट नेहमीच्या साच्यात सांगितली. दुष्काळी बीड, सहा किलोमीटरची शाळा, सियाचीनची थंडी, म्हणून पोलादी मन. मला पूर्वी ही गोष्ट फार आवडायची. आता थोडी शंका येते. दुष्काळ आमच्या सगळ्यांच्याच वाट्याला आला. दरवर्षी जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात, त्यांची पोरं कुठल्याच अर्थाने आरामात वाढत नाहीत. माझा चुलतभाऊही त्याच मातीतला, त्याच रस्त्यावर पळणारा. कष्टाने मन आपोआप घट्ट होत असतं, तर बीड जिल्ह्यात पदकं ठेवायला जागा उरली नसती.

आमच्या धंद्यात सिस्टीम का कोसळली हे कळायचं असेल तर लोकांची मतं विचारत नाहीत, लॉग वाचतात. मी अविनाशला कधी भेटलेलो नाही, त्याच्या मनात काय चालतं हे मला माहीत असण्याचं कारण नाही. पण शर्यतींचे आकडे हे एक प्रकारचे लॉगच. ते ओळीने लावले आणि एका ठिकाणी थबकलो.

१८ जुलै २०२२, अमेरिकेत युजीनला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची फायनल. अविनाश ११ वा. वेळ ८:३१.७५.

६ ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, राष्ट्रकुल स्पर्धेची फायनल. अविनाश दुसरा. वेळ ८:११.२०, नवा राष्ट्रीय विक्रम.

दोन्हीत अंतर १९ दिवसांचं. फरक २० सेकंदांचा! युजीनची वेळ तर त्याने २०१८ मध्ये मोडलेल्या जुन्या विक्रमापेक्षाही मागे. आणि बर्मिंगहॅमला? १९९८ ते २०१८ सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. तिथे हा मांडव्याचा गडी केनियाच्या अब्राहम किबिवोतच्या मागे फक्त ०.०५ सेकंदाने राहिला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

आता काकांच्या भाषेत बोलायचं तर युजीनला हा शेळी आणि बर्मिंगहॅमला वाघ? १९ दिवसांत स्वभाव बदलला?

स्वभाव तोच होता, शर्यत वेगळी होती. युजीनची फायनल अतिशय संथ धावली गेली. जिंकलेल्या सुफियान एल बक्कालीची वेळच ८:२५.१३ होती, तोपर्यंतच्या जागतिक स्पर्धांतल्या विजेत्यांमध्ये सगळ्यात हळू. अशा शर्यतीत सगळे एकमेकांकडे बघत, घोळक्यात, कोपराला कोपर लावून पळतात. कोणी पुढे जायला तयार नसतो. मग शेवटच्या राउंडला एकदम बंदुकीतून सुटल्यासारखे निघतात. तिथे ज्याच्याकडे झेप आहे तो जिंकतो. अविनाशची ताकद वेगळी आहे. तो सुरुवातीपासून जोरात चाललेली शर्यत तशीच ओढत नेतो. अर्ध मॅरेथॉनमध्येही २०२० ला दिल्लीत त्याने १ तास ० मिनिट ३० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता, ही त्या जातीची ताकद. बर्मिंगहॅमला शर्यत वेगात झाली आणि घोडं गंगेत न्हालं.

म्हणजे "प्रेशर" हा एकच पदार्थ नाही. घोळक्यात थांबून वाट बघायचं प्रेशर वेगळं, आणि फुप्फुसं फाटत असताना वेग न सोडण्याचं प्रेशर वेगळं. एकात गळणारा माणूस दुसऱ्यात उभा राहू शकतो.

हे कळायला मानसशास्त्राला पण वेळ लागलाय बरं का. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या संशोधकाने सायकल शर्यतींच्या नोंदी चाळल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध पळवणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने पळवणारे जास्त वेगात जातात असं त्याला दिसलं. मग त्याने ४० मुलांना मासेमारीच्या गळाची रिळं फिरवायला लावली, कधी एकट्याने, कधी जोडीने. क्रीडा मानसशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग "स्पर्धेने माणूस वेगवान होतो" याचा पुरावा म्हणून येतो. पण त्याचे स्वतःचे आकडे काय सांगतात? २० मुलं जोडीने वेगवान झाली, १० मुलं उलट बिघडली, आणि १० जणांना विशेष फरकच पडला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच उत्तर समोर होतं की एकाच परिस्थितीत माणसं तीन तऱ्हांनी वागतात.

पुढे १९६५ मध्ये रॉबर्ट झायोंकने मांडलं की समोर कोणी बघत असेल तर हातात मुरलेली गोष्ट अजून चांगली होते आणि न मुरलेली बिघडते. १९८४ मध्ये रॉय बॉमाइस्टरने दडपणाखाली माणूस का गळपटतो यावर प्रयोग केले. व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये रमून खेळणाऱ्यांना त्याने बक्षीस लावलं, तर त्यांचा स्कोअर घसरला! त्याचं म्हणणं असं की दडपणाखाली माणूस स्वतःच्याच हालचालींवर लक्ष ठेवू लागतो आणि जे आपोआप होत होतं ते अडखळतं. (मागे बॉस येऊन उभा राहिला की स्वतःचाच पासवर्ड तीनदा चुकतो, तसं.) याच प्रयोगांत अजून एक मजेशीर गोष्ट निघाली. जी माणसं एरवी स्वतःविषयी फार विचार करत नाहीत, बिनधास्त असतात, तीच जास्त घसरली. कायम स्वतःवर नजर ठेवणाऱ्यांना त्या नजरेची सवय असते. पुढच्या काही अभ्यासांत याच्या उलटही निघालं, की स्वतःबद्दल फार जागरूक असणारेच गळतात. थोडक्यात काय, "अमुक स्वभाव म्हणजे प्रेशरप्रूफ" असा शिक्का विज्ञानालाही अजून मारता आलेला नाही. आपण ओट्यावर बसून मारतो.

परत लॉगकडे.

२०२१ चं टोकियो ऑलिंपिक. अविनाश हीटमध्ये ८:१८.१२ धावला, राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी बाहेर पडला. त्या वेळी नियम असा होता की तीन हीटमधले पहिले तिघे आणि उरलेल्यांतले सहा वेगवान फायनलला जातील. तो आपल्या हीटमध्ये सातवा आला. पुढची हीट संथ झाली. ती एल बक्कालीने ८:१९.०० मध्ये जिंकली, म्हणजे अविनाशपेक्षा हळू धावून, आणि पुढे त्याच एल बक्कालीने सुवर्णपदक घेतलं. आता यात धीराचा काय संबंध? माणूस आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत धावलाय आणि घरी "हीटमध्येच बाद" अशी बातमी आलीय.

पुढे नियम बदलला. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेपासून वेळेला किंमत राहिली नाही, प्रत्येक हीटमधले फक्त पहिले पाच पुढे. म्हणजे नेमका तोच, एकमेकांकडे बघत पळण्याचा खेळ. बुडापेस्टला अविनाश ८:२२.२४ मध्ये सातवा आला, बाहेर.

त्यानंतर सहाच आठवड्यांनी, १ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने काय केलं, ते माझ्या मते या सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम. तो थांबलाच नाही. पुढे गेला आणि पुढेच राहिला. घोळक्याला एकमेकांकडे बघायची संधीच दिली नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मागे वळून बघितलं तर जवळपास कोणी नव्हतं. ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम, दुसऱ्याच्या चार सेकंद पुढे. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचं भारताचं पहिलं सुवर्ण. तीन दिवसांनी ५००० मीटरमध्ये रौप्यही घेतलं.

तुम्ही म्हणाल, आशियात केनिया नसतो, तिथे पुढे पळणं सोपं. बरोबर आहे. म्हणून पुढचा आकडाही सांगायला हवा. २०२४, पॅरिस ऑलिंपिक. हीटमध्ये तो ८:१५.४३ मध्ये पाचवा आला, म्हणजे नेमका शेवटच्या जागेवर, आणि ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची फायनल गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. ज्या नियमाने बुडापेस्टला हरवलं, त्याच नियमात यावेळी बसला. फायनलमध्ये त्याने सुरुवातीला आघाडी घेतली, मग इथिओपियन पुढे आले, आणि तो ११ वा आला. वेळ ८:१४.१८.

युजीनला ११ वा, पॅरिसला ११ वा. निकालपत्रात दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. पण एक ८:३१ ची आहे आणि एक ८:१४ ची. पहिल्यात तो दुसऱ्यांची शर्यत धावला, दुसऱ्यात स्वतःची. स्वतःची धावूनही पदक मिळालं नाही, कारण पुढचे दहा जण त्या दिवशी जास्त चांगले होते. हेही मान्य करायला हवं. स्वभाव ओळखला म्हणजे जिंकलोच असं नसतं. पण हरलो तर कशामुळे हरलो, हे तरी स्वच्छ कळतं.

विषयांतर वाटेल, पण आमच्याच जिल्ह्यातली अजून दोन नावं घेतो. पाटोद्याचा राहुल आवारे, कुस्ती. २०१२ आणि २०१६, दोन्ही ऑलिंपिक त्याच्याविना गेली. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत त्याने कॅनडाच्या पैलवानाला १५-७ हरवून सुवर्ण घेतलं, आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. त्याच्यावरचं दडपण सहा मिनिटांचं नव्हतं, वर्षानुवर्षं वाट बघण्याचं होतं. दुसरा बीडचा सचिन धस. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाची सेमीफायनल, समोर यजमान दक्षिण आफ्रिका. २४५ चं लक्ष्य आणि भारत ४ बाद ३२. तिथून त्याने कप्तान उदय सहारनसोबत १७१ ची भागीदारी केली, स्वतः ९५ चेंडूंत ९६ काढले, आणि आपण दोन गड्यांनी जिंकलो. हे दडपण हळूहळू उतरणारं, एकेक धाव घेऊन सोडवायचं.

या तिघांना एकाच तागडीत घालून "बीडची माणसं चिवट" म्हणायला छाती फुगते खरी. पण उद्या धसला घोळक्यात पळवलं किंवा साबळेला ४ बाद ३२ वर पाठवलं तर काय होईल? मला तरी सांगता येणार नाही.

आता चुलतभावाकडे येतो, सगळं लिहायला घेतलं ते त्याच्यासाठीच.

परत निघायच्या आदल्या दिवशी पहाटे मी त्याच्याबरोबर रस्त्यावर गेलो. (मी पळालो नाही. मोटारसायकलवर होतो. आयटीवाल्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका.) त्याला विचारलं, भरतीच्या दिवशी पहिला राउंड किती वेळात झाला? त्याला आठवत नव्हतं. "दादा, शिट्टी झाली की सगळी पोरं सुटतात. मी पण सुटतो. मोबाईल जवळ ठेवू देत नाहीत ना तिथं."

माझी ट्यूब तिथे पेटली. हा पोरगा दोन वर्षं एकटा आणि घड्याळावर पळत होता. परीक्षा मात्र घोळक्यात आणि घड्याळाविना. पहिल्या राउंडला तो स्वतःच्या वेगाने पळतच नव्हता, पुढच्या पोराच्या वेगाने पळत होता, आणि तिसऱ्या राउंडला त्याचं बिल येत होतं. याला धीर नाही असं म्हणणं म्हणजे टेस्टिंग एका सर्व्हरवर करून कोड दुसऱ्याच सर्व्हरवर चढवायचा आणि मग प्रोग्रॅमरच्या खानदानाचा उद्धार करायचा.

मग आम्ही मोटारसायकलच्या सीटवर वही ठेवून साधा हिशोब मांडला. चार राउंड, प्रत्येकाचा टाइम ठरलेला. आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या मैदानावर बाकीच्या पोरांबरोबर पळायचं, मोबाईल पिशवीत ठेवून. पहिल्या राउंडला कोणी कितीही पुढे गेलं तरी जाऊ द्यायचं. ते पायात इतकं मुरवायचं की शिट्टी वाजल्यावर विचार करावा लागू नये. त्याचा स्वभाव मी बदलू शकत नाही, आणि तो बदलायची गरज आहे असंही मला वाटत नाही. तो एकट्याने पळणारा आहे. घोळक्यातही एकट्याने कसं पळायचं, एवढंच शिकायचंय.

अविनाश स्वतः सध्या वेगळ्याच शर्यतीतून गेला. २०२५ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीला आशियाई अजिंक्यपद जिंकला, आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. बिछान्यावर पडून वाट बघायचं हे दडपण तर त्याच्या जातीचं मुळीच नाही. पण त्यावर मी आत्ताच ओट्यावरून निकाल देणार नाही. ती सवय मोडायचीय.

परवा रात्री भावाचा फोन आला होता. म्हणाला, "दादा, पहिल्या राउंडला मी सगळ्यात मागं असतो. पोरं हसतात."

"आणि चौथ्याला?"

"चौथ्याला हसायला त्यांच्यात दम नसतो."

मागून काकांचा आवाज आला, "टाइम किती आला ते सांग की त्याला." म्हणजे काका आता टाइम विचारतात तर.

असो. भरतीची पुढची तारीख अजून लागायचीय. लागली की कळवतो.